भांड्याची आतली बाजू

आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात तो हातभर खड्डा खणायचा, भात्याचं तोंड त्यात बसवायचा आणि कोळसे फुलवायचा. पितळेचं पातेलं सांडशीत धरून आगीवर फिरवायचं, पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढरा धूर भसकन वर यायचा आणि नाकात झिणझिण्या येत. मग कथलाची कांडी आतून टेकवायची, ती लोण्यासारखी पाघळायची, आणि कापसाच्या बोळ्याने तो एक हात असा फिरवायचा की पिवळं पातेलं बघता बघता आतून चांदीचं व्हायचं. शेवटी पाण्याच्या बादलीत चर्रर्र. आजी ते पातेलं उचलून उजेडाकडे तिरकं धरायची आणि आत बघायची. बाहेरून ते काळं झालंय की पोचे आलेत, इकडे तिचं लक्षच नसायचं. आत कुठे पिवळा ठिपका दिसला की पातेलं परत आगीवर.

कणत्वरकांबद्दल वाचायला लागलो तेव्हापासून आजीची ती तिरकी नजर मला वारंवार आठवते. जगातली सर्वांत प्रगत कणयंत्रं आज ज्या भागावर चालतात, तो भाग म्हणजे एक भांडं आहे. धातूचा पत्रा दाबून घडवलेलं, सांधे जोडलेलं, आतून घासूनपुसून तयार केलेलं. आणि त्याची सगळी किंमत आतल्या बाजूला आहे.

या भांड्याला तिथली माणसं कॅव्हिटी म्हणतात. हॅम्बुर्गच्या डेझी या प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात ब्योर्न विक यांच्या पुढाकाराने अनेक देशांनी मिळून जी टेस्ला कॅव्हिटी घडवली, ती आज या क्षेत्राची जणू मोजपट्टी झाली आहे. डोळ्यांसमोर आणायची तर नऊ गोल लोटे एकमेकांच्या गळ्याला गळा लावून आडवे ठेवलेत अशी कल्पना करा. लांबी साधारण एक मीटर, गळ्याचा व्यास ७ सेंटिमीटर, पोटाचा जवळजवळ २१. धातू निओबियम, पत्रा २.८ मिलिमीटर जाड. भोवती द्रव हीलियमची टाकी, तापमान निरपेक्ष शून्याच्या वर फक्त २ अंश.

आत सूक्ष्मलहरी भरलेल्या असतात. त्यांचं विद्युतक्षेत्र सेकंदाला १३० कोटी आवर्तनं करतं. एका लोट्याची लांबी ११.५ सेंटिमीटर ठेवली आहे, आणि हा आकडा सौंदर्यासाठी निवडलेला नाही. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन तेवढं अंतर कापेपर्यंत क्षेत्राचं अर्धं आवर्तन पुरं होतं. त्यामुळे तो पुढच्या लोट्यात शिरतो तेव्हा तिथलं क्षेत्र नेमकं त्याला पुढे रेटण्याच्या दिशेला वळलेलं असतं. झोका देणाऱ्याचा हात जसा नेमक्या क्षणी पाठीला लागतो, तसा प्रत्येक लोट्यात एक धक्का.

असं भांडं तांब्याचंही करता येतं आणि अजूनही करतात. अडचण उष्णतेची आहे. भिंतीतून खेळणारा प्रवाह धातू तापवतो. तांब्याच्या भांड्यात दर मीटरला २३-२४ मेगाव्होल्टचं क्षेत्र अखंड टिकवायचं म्हटलं, तर मीटरभर लांबीत जवळजवळ दोन कोटी वॅट नुसते भिंत तापवण्यात जातील. भांडं वितळेल. म्हणून तांब्याची यंत्रं क्षणभर पेटतात आणि विसावतात. निओबियम मात्र ९.२ केल्विनच्या (निरपेक्ष शून्याच्या वर ९.२ अंशांच्या) खाली अतिवाहक होतो, म्हणजे प्रवाहाला त्याचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो. तेवढ्याच क्षेत्राला त्याच्या भिंतीत साठेक वॅट खर्च होतात. ते साठ वॅट २ केल्विनवरून उपसायला बाहेर प्रत्येक वॅटमागे सातशे ते हजार वॅट मोजावे लागतात हे खरं, पण तरीही हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

भांडं किती चांगलं आहे हे सांगणारा एक आकडा असतो, गुणांक. तांब्याचा काही दहा हजार. चांगल्या निओबियम भांड्याचा दहा अब्ज आणि वर. याचा अर्थ मला एका हिशेबाने कळला. सेकंदाला ५०० कंपनं करणारी देवळातली घंटा घ्या आणि तिला हा दहा अब्जांचा गुणांक द्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिला एक टोल दिला, तर साधारण ७४ दिवसांनी, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, तिचं कंपन मूळच्या एक तृतीयांशाहून थोडं अधिक उरलेलं असेल. मधे कोणी हात लावलेला नाही, आणि तिळगूळ वाटताना ती अजून घुमतेच आहे.

हे सगळं घडतं भिंतीच्या किती जाडीत? चुंबकीय क्षेत्र अतिवाहक निओबियममध्ये जेमतेम ४० नॅनोमीटर शिरतं. एका मिलिमीटरचे पंचवीस हजार काप करा, त्यातला एक काप. उरलेला पत्रा भांड्याला आकार द्यायला आणि उष्णता हीलियमपर्यंत पोचवायला. म्हणजे पुन्हा कल्हईच. काम करते ती आतली कातडी.

आकाराची गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण तिथे एका साध्या वळणाने एक मोठं कोडं सुटलं. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डला विल्यम फेअरबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवाहक भांड्यांतून इलेक्ट्रॉन पळवायचे प्रयोग सुरू केले. आशा मोठी होती. कागदावर दर मीटरला दहा-दहा मेगाव्होल्ट सहज दिसत होते, प्रत्यक्षात गाडी दोन-तीनवर अडायची. आत एक चोर होता. भिंतीतून सुटलेला एखादा इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या तालावर उडी मारून परत भिंतीवर आदळतो, आदळताना आणखी दोन इलेक्ट्रॉन सोडवतो, ते दोघं तसंच करतात. एकाचे दोन, दोनाचे चार. कितीही शक्ती ओता, ती या टोळीच्या पोटात जाते.

त्या वेळची भांडी डब्यासारखी होती, सपाट भिंत आणि काटकोनी कोपरा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जिनोआच्या गटाला दिसलं की भांडं गोलसर केलं तर ही टोळी जमतच नाही. वुपरटालच्या क्लाइन आणि प्रोख यांनी कारण उलगडलं. वक्र भिंतीवर इलेक्ट्रॉनची प्रत्येक उडी त्याला थोडी थोडी पोटाच्या मधल्या रेषेकडे सरकवते. त्या रेषेवर भिंतीशी काटकोनातलं विद्युतक्षेत्र शून्य होतं. तिथे पोचलेल्या इलेक्ट्रॉनला पुढची उडी मारायला बळच मिळत नाही. नवीन धातू नाही, नवीन यंत्र नाही. कोपरा मोडून गोलाई दिली आणि चोर निसटता निसटता स्वतःच दमून बसला. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याचं पोट ठोकून गोल करणाऱ्या कारागिराला गोलाईचं मोल सांगावं लागत नाही. इथे ते अभियंत्यांना दहा वर्षांच्या हैराणीनंतर कळलं, म्हणून त्या वक्ररेषेबद्दल माझ्या मनात आदर आहे.

गोलाई ठरली तरी रचनाकाराची ओढाताण संपत नाही. गळा अरुंद केला तर तेवढ्याच शक्तीत धक्का जास्त मिळतो. पण अरुंद गळ्यातून जाणारा कणपुंज आपल्यामागे जास्त खळबळ सोडतो आणि ती मागून येणाऱ्या पुंजाला वाकडं करते. नऊऐवजी वीस लोटे जोडले तर जागा वाचते. पण मधल्या लोट्यांत नको ते सूर अडकून बसतात, टोकाला लावलेल्या काढणीतून ते बाहेर येत नाहीत. वारंवारता वाढवली तर भांडं लहान होतं आणि धातू कमी लागतो, पण भिंतीतला अतिवाहक अवस्थेतला क्षय वारंवारतेच्या वर्गाने वाढतो. हे सगळं तोलून १.३ गिगाहर्ट्झ ठरलं, आणि त्या पट्ट्यातले क्लायस्ट्रॉन, म्हणजे शक्ती पुरवणाऱ्या नळ्या, आधीपासून मिळत होत्या हेही एक कारण होतंच.

सर्वांत कठोर मर्यादा चुंबकीय आहे. टेस्लाच्या आकारात दर मीटरला एक मेगाव्होल्ट वाढवला की पोटाच्या भिंतीवर ४.२६ मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्र वाढतं. निओबियम २०० मिलिटेस्लाच्या थोडं पुढे अतिवाहकता सोडतो. म्हणजे भांडं कितीही निर्दोष असो, पन्नाशीच्या आसपास निसर्गाची भिंत उभी आहे. त्या आधीच बहुतेक भांडी दुसऱ्या कारणाने हार मानतात. आत कुठेतरी वेल्डिंगच्या रेषेजवळ केसाच्या जाडीएवढा खड्डा असतो. क्षेत्र वाढलं की तिथला ठिपका आधी तापतो, तापला की अतिवाहकता सोडतो, सोडली की आणखी तापतो, आणि क्षणार्धात सगळं भांडं साधा धातू होऊन बसतं. आपल्याकडे कल्हई उडाली की पितळ उघडं पडतं म्हणतात. इथे अक्षरशः तेच होतं.

तो खड्डा शोधायला क्योटो विद्यापीठ आणि जपानच्या केक या संस्थेने मिळून एक कॅमेरा केला. लांब नळीच्या टोकाला बसवलेला, सात सेंटिमीटरच्या गळ्यातून आत सरकणारा. आरशासारख्या वक्र भिंतीवर दिव्याचं प्रतिबिंबच डोळे दिपवतं, म्हणून उजेड पट्ट्या-पट्ट्यांनी टाकायचा. कोणती पट्टी विझवली की सावली कशी सरकते यावरून तो ठिपका खड्डा आहे की उंचवटा हे कळतं. भांडं उजेडाकडे तिरकं धरून बघण्याचीच ही रीत.

आणखी एक काम जवळून बघण्यासारखं आहे. नऊ लोटे जोडून झाले की प्रत्येकात क्षेत्र सारखं भरतं का हे तपासायचं असतं. एका लोट्यात कमी भरलं तर उरलेल्यांवर जादा भार. त्यासाठी मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्यात एक छोटा मणी ओवतात आणि तो दोरा भांड्याच्या मधोमध ताणून हळूहळू ओढतात. मणी जिथे असेल तिथे तो भांड्याचा सूर किंचित बिघडवतो. बिघाड जेवढा मोठा, तेवढं तिथलं क्षेत्र प्रबळ. पडद्यावर नऊ टेकड्यांची ओळ उमटते. तिसरी टेकडी बुटकी दिसली की तिसऱ्या लोट्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून अलगद दाबायचं किंवा ताणायचं आणि मणी पुन्हा ओढायचा. नऊही टेकड्या एका उंचीवर येईपर्यंत हे चालतं. तबला मिळवताना हातोडी गजऱ्यावर घराघराने फिरवतात, त्याचीच आठवण होते. आणि सूर किती नाजूक? सगळं भांडं लांबीत एक मायक्रॉन ताणलं तर वारंवारता सुमारे ३०० हर्ट्झने हलते. पूर्ण शक्तीवर आतल्या लहरींचा दाबच भिंत वाकवतो आणि सूर हजारेक हर्ट्झने सरकतो, तर भांड्याचा कामाचा पट्टा असतो जेमतेम चार-पाचशे हर्ट्झचा. म्हणून लोट्यांच्या मधे आधाराच्या कड्या वेल्ड करतात आणि विजेने फुगणारे स्फटिक लावून लहर येण्याच्या क्षणी भांडं उलट दिशेला ढकलतात.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात सांगतो. आम्लाने आतून शे-दीडशे मायक्रॉन धातू काढायचा, भट्टीत ८०० अंशांवर हायड्रोजन घालवायचा, मग अतिशुद्ध पाण्याच्या शंभर बार दाबाच्या धारेने भांडं तासन्‌तास खळबळून धुवायचं. धुळीचा एक कण उरला तर प्रबळ क्षेत्रात तो इलेक्ट्रॉन ओकू लागतो. शेवटी १२० अंशांवर दोन दिवस मंद भाजणं. हा शेवटचा उपाय फ्रान्समध्ये साक्ले इथे बर्नार व्हिझांतँ यांना १९९८मध्ये सापडला. वरच्या टोकाला गुणांक अचानक कोसळायचा, तो या मंद शेकाने सावरला. का सावरला याची पूर्ण उकल नंतर वर्षानुवर्षं चालली.

असंच २०१२-१३च्या सुमारास शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये घडलं. आना ग्रासेलिनो आणि त्यांचे सहकारी निओबियमवर नायट्राइडचा थर चढवायचा प्रयत्न करत होते. तापलेल्या भट्टीत नायट्रोजन सोडला. थर वाईट निघाला. तो काही मायक्रॉन घासून काढला तेव्हा खाली उरलेल्या, नायट्रोजनचे तुरळक अणू मुरलेल्या धातूचा गुणांक नेहमीच्या दोन-तीन पट भरला. फसलेला लेप पुसताना खाली खजिना सापडावा तसं. कॅलिफोर्नियात स्लॅक प्रयोगशाळेच्या बोगद्यात सप्टेंबर २०२३मध्ये पहिले क्ष-किरण देणारं एलसीएलएस-२ हे यंत्र याच रीतीच्या भांड्यांवर उभं आहे, आणि सेकंदाला दहा लाखांपर्यंत स्पंद देण्याची त्याची रचना आहे. हॅम्बुर्गचं युरोपियन एक्सएफईएल हे तसंच क्ष-किरणांचं यंत्र त्याआधीचं. तिथे साडेसातशेहून अधिक टेस्ला भांडी एका बोगद्यात इलेक्ट्रॉनांना १७.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतात.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८पासून पेलेट्रॉन आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा जोडप्रकल्प. १४ मेगाव्होल्टचं ते यंत्र जड आयनांना जेवढा वेग देतं त्यापुढे त्यांना न्यायचं म्हणून त्याला अतिवाहक जोड द्यायचं ठरलं. निओबियम महाग आणि घडवायला किचकट. मग मार्ग निघाला तो आपल्या ओळखीचा. भांडं तांब्याचं, आतून शिशाचा लेप. शिसं ७.२ केल्विनखाली अतिवाहक होतं आणि द्रव हीलियम ४.२ केल्विनवर उकळतं, तेवढं पुरतं. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटर, तिच्या चतुर्थांशाचं, अर्ध्या मीटरचं उभं भांडं. सात शीतपात्रांत चार-चार अशी २८ भांडी. २००२मध्ये पहिला टप्पा चालू झाला, २००७मध्ये पूर्ण यंत्र. शिशाचा लेप चढवण्यापासून नियंत्रणाच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत बहुतेक काम इथल्या लोकांनी इथेच शिकून केलं. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेचा बोगदा आपल्या मुलांना चित्रातून माहीत असतो. कुलाब्याच्या बसच्या शेवटच्या थांब्याजवळ अतिवाहक त्वरक चालतो हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि मला याची मनापासून खंत वाटते.

जिनिव्हालाही शेवटी लेपच उपयोगी पडला. सर्नच्या ‘लेप’ (एलईपी) नावाच्या यंत्रात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जी अतिवाहक भांडी बसवली, त्यांतली बहुतेक तांब्याची होती, आतून निओबियमचा एक-दोन मायक्रॉनचा थर दिलेली. वर्तुळात फिरताना इलेक्ट्रॉन दर फेरीला सुमारे तीन टक्के ऊर्जा प्रकाशाच्या रूपात उधळायचे, ती या भांड्यांनी भरून काढली. तांबं उष्णता झटकन पसरवतं म्हणून अशी भांडी सहज दगा देत नाहीत. पण क्षेत्र वाढवत नेलं की लेपाचा गुणांक उतरत जातो. म्हणून सरळ रेषेतल्या लांब यंत्रांना अजून भरीव निओबियमच लागतो.

प्रोटॉनसाठी भांडी करायची तर गोष्ट आणखी बदलते. जड असल्यामुळे प्रोटॉन सुरुवातीला हळू धावतो, मग लोट्याची लांबी त्याच्या वेगाप्रमाणे आखूड हवी. फर्मिलॅबमध्ये उभारल्या जाणाऱ्या पिप-२ या ८०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या यंत्रात म्हणून पाच तऱ्हांची भांडी आहेत. शेवटच्या दोन तऱ्हा ६५० मेगाहर्ट्झच्या. प्रकाशाच्या ६१ टक्के वेगासाठीच्या लोट्याची लांबी १४ सेंटिमीटरच्या आसपास, ९२ टक्क्यांसाठीच्याची २१. आखूड लोटा चपटा होतो, त्याच्या उभ्या भिंती हीलियमच्या दाबातल्या छोट्या चढउतारानेही थरथरतात आणि सूर हलतो. या यंत्रात भारताचा मोठा वाटा आहे. २०१८मध्ये तसा करार झाला. भाभा केंद्र, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, कोलकात्याचं सायक्लोट्रॉन केंद्र आणि दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र यात आहेत. दिल्लीच्या केंद्रात निर्वातात इलेक्ट्रॉन झोताने निओबियम जोडायचं यंत्र आहे. इंदूरने तोच सांधा लेझरने जोडायची रीत बसवली. बदल्यात आपल्याला मिळतं ते ज्ञान, जे फक्त हाताने काम करून येतं. माझ्या मते हा सौदा रास्त आहे.

आणि क्षेत्र आणखी वर नेणारी उडी? इंटरनॅशनल लिनियर कोलायडरच्या आराखड्यात दर मीटरला ३१.५ मेगाव्होल्ट देणारी सुमारे आठ हजार भांडी मांडली आहेत. बोगद्याचा प्रत्येक किलोमीटर पैसा खातो, म्हणून आकडा वाढवणं म्हणजे यंत्र आखूड करणं. फर्मिलॅबमध्ये ७५ आणि मग १२० अंशांवर भाजलेलं एका लोट्याचं भांडं ४९पर्यंत पोचलं, निसर्गाच्या भिंतीला हात लागेल इतकं जवळ. पोटाचा आकार आत वळवून चुंबकीय भार कमी करणारी भांडी त्याही पुढे गेली, पण त्यांच्या खोबणीतून पाणी आणि आम्ल नीट निघत नाही. आतली लहर उभी न ठेवता कणासोबत वाहती ठेवायची, अशीही एक रचना तपासली जात आहे.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती कथलाची वाट. निओबियम आणि कथील तीनास एक या प्रमाणात एकत्र आले की त्यांचं संयुग १८ केल्विनपर्यंत अतिवाहक राहतं, आणि सिद्धांताप्रमाणे निओबियमच्या जवळजवळ दुप्पट चुंबकीय क्षेत्र सोसू शकतं. ते काचेसारखं ठिसूळ आहे, त्याचा पत्रा ठोकता येत नाही. म्हणून भांडं निओबियमचंच करायचं आणि आतून कथील चढवायचं. बंद भट्टीत भांड्याच्या तळाशी कथील ठेवतात, सोबत थोडं कथलाचं क्लोराइड. पाचशे अंशांच्या आसपास आधी ते क्लोराइड उडतं आणि भिंतीवर सगळीकडे कथलाचे बारीक ठिपके पेरतं. मग अकराशे-बाराशे अंशांवर कथलाची वाफ होते आणि ते ठिपके वाढून एकमेकांना भिडतात. ते क्लोराइड घातलं नाही तर लेपात पातळ जागा राहतात, आणि तिथेच भांडं पुढे दगा देतं. नवसागरही क्लोराइडच. तो पितळावरचा मळ काढतो आणि हे ठिपके पेरतं, कामं वेगळी, पण दोन्हीकडे त्याच्याशिवाय कथील नीट बसत नाही.

असं भांडं ४ केल्विनच्या थोडं वर चालतं. त्याला थंड ठेवायला हीलियमचा कारखाना लागत नाही, कपाटाएवढं शीतयंत्र पुरतं. म्हणून इस्पितळात किंवा सांडपाणी शुद्ध करायच्या जागी बसतील अशा छोट्या त्वरकांसाठी त्याकडे डोळे लागले आहेत. क्षेत्र मात्र वर्षानुवर्षं पंधरा-सोळाच्या पुढे सरकत नव्हतं. फर्मिलॅबमध्ये सॅम पोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २४पर्यंत नेलं. आधीच्या बहुतेक भांड्यांत लेप जाड आणि खरखरीत बसायचा, आतून मळकट राखाडी दिसायचा. या भांड्यातला लेप पातळ होता, कण बारीक, पृष्ठभाग गुळगुळीत. दिवा धरून आत पाहिलं तेव्हा ते चकाकत होतं.